दलालाचा वाटा आणि न्यायालयाचे बंद दार : ऑनलाइन पोकरच्या कमिशन-करारांची नैतिक चिकित्सा

प्रस्तावना

वाणिज्य शाखेत ‘व्यवसाय नीतिमत्ता’ हा विषय शिकविताना भेसळ, फसवी जाहिरात, करचुकवेगिरी आणि सामाजिक उत्तरदायित्व यांवर बहुधा भर दिला जातो. दिलेला शब्द पाळणे हा प्रश्न करार कायद्याच्या तासाकडे सोपविला जातो, कारण शब्द मोडला तर न्यायालय आहेच, असे गृहीत धरलेले असते. ज्या व्यवहाराची दाद घेण्यासच न्यायालय नकार देते, त्या व्यवहारातील शब्दाचे मोल काय, हा प्रश्न त्यामुळे अनुत्तरित राहतो. ऑनलाइन पोकर कंपन्या आणि त्यांना खेळाडू मिळवून देणारे दलाल, म्हणजेच ‘अॅफिलिएट’, यांच्यातील करार हे या प्रश्नाचे ठळक उदाहरण होय. हे काम करण्यास दुकान लागत नाही, भांडवल लागत नाही, भ्रमणध्वनी पुरतो. म्हणूनच मालवणसारख्या किनारी गावातील पदवीच्या विद्यार्थ्यापर्यंतही ते सहज पोहोचू शकते. प्रस्तुत लेखात या करारांची नैतिक चिकित्सा करण्याचा प्रयत्न केला आहे.

कराराचे स्वरूप

पोकरमध्ये खेळाडू एकमेकांविरुद्ध खेळतात. कंपनी स्वतः डावात नसते; प्रत्येक डावात जमलेल्या रकमेतून ती साधारणतः शेकडा पाचच्या आसपास कपात करते. या कपातीस ‘रेक’ म्हणतात. कंपनीचे उत्पन्न खेळाडूंच्या संख्येवर आणि त्यांच्या खेळण्याच्या तासांवर अवलंबून असल्याने नवे खेळाडू आणणाऱ्यास मोबदला दिला जातो. हा मोबदला मुख्यतः दोन प्रकारचा असतो. पहिल्या प्रकारात पैसे भरणाऱ्या प्रत्येक नव्या खेळाडूमागे एकरकमी शुल्क मिळते. दुसऱ्या प्रकारात त्या खेळाडूकडून कंपनीस मिळणाऱ्या रेकचा ठरावीक हिस्सा तो खेळत राहील तोवर मिळतो.

दुसऱ्या प्रकारात श्रम आज आणि मोबदला उद्या, अशी रचना आहे. दलालाने आपले काम पूर्ण केलेले असते. कंपनीचे देणे मात्र भविष्यात पसरलेले असते. शिवाय किती खेळाडू आले, त्यांनी किती रेक दिला, त्यातून बोनस व कर किती वजा झाले, याची वही एकट्या कंपनीच्या हाती असते. बहुतेक करारांत ‘कंपनी अटी केव्हाही बदलू शकेल’ असे एक कलम असते. वचनभंगाचे बीज या तीन गोष्टींत आहे : लांबलेला मोबदला, एकतर्फी हिशेब आणि एकतर्फी अट.

वचनभंगाच्या तऱ्हा

उघडपणे पैसे नाकारणे ही यातील सर्वांत दुर्मीळ तऱ्हा असावी. त्याहून सोयीच्या तऱ्हा अनेक आहेत. आलेल्या खेळाडूंपैकी काहींची नोंदच दलालाच्या नावे न करणे, दरमहा ठरावीक संख्येचे नवे खेळाडू आणले नाहीत म्हणून जुन्यांवरील हिस्सा बंद करणे, रक्कम मोठी होताच ‘गैरव्यवहाराचा संशय’ असा शेरा मारून खाते गोठविणे, या त्यांतील काही होत. यांपैकी एकीतही कंपनी ‘देणार नाही’ असे म्हणत नाही. ती केवळ देण्याची व्याख्या बदलते.

खेळाडूंच्या बाबतीत असे घडल्याचे दाखले जागतिक पातळीवर नोंदलेले आहेत. ‘पोकरस्टार्स’ने २०१५ च्या नोव्हेंबरमध्ये आपल्या सर्वोच्च श्रेणीच्या खेळाडूंच्या सवलतींत २०१६ पासून मोठी कपात जाहीर केली. या सवलती २०१६ मध्ये मिळतील या भरवशावर त्या खेळाडूंनी २०१५ चे वर्ष खेळण्यात घातले होते. त्यांनी डिसेंबरात काही दिवस बहिष्कारही घातला. ‘फुल टिल्ट पोकर’चे प्रकरण याहून गंभीर आहे. अमेरिकी सरकारने १५ एप्रिल २०११ रोजी केलेल्या कारवाईनंतर असे उघड झाले की, कंपनी खेळाडूंना सुमारे ३९ कोटी डॉलर देणे लागत होती आणि बँकेत सुमारे सहा कोटीच होते. त्याआधी संचालक व मालकांनी आपसांत ४४ कोटी डॉलरहून अधिक रक्कम वाटून घेतल्याचा आरोप सरकारने केला. जेथे खेळाडूची स्वतःची ठेव सुरक्षित नव्हती, तेथे दलालाच्या हिश्शाची शाश्वती ती काय असणार?

कायद्याचे मौन

भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम ३० नुसार पैजेचा करार शून्य ठरतो. मात्र शून्य म्हणजे निषिद्ध नव्हे. सर्वोच्च न्यायालयाने घेरूलाल पारख विरुद्ध महादेवदास मैया (१९५९) या खटल्यात हा भेद स्पष्ट केला. सट्ट्याच्या व्यवहारातील एका भागीदाराने तोट्यातील आपला वाटा देण्याचे नाकारले होते. पैजेचा करार शून्य असला तरी त्यासाठी केलेली भागीदारी बेकायदेशीर नाही, असा निर्णय न्यायालयाने दिला. अर्थात पैज शून्य असली तरी तिच्या अनुषंगाने दिलेला शब्द पाळावा लागतो.

परंतु याच निकालात मुंबईच्या वेगळ्या कायद्याचीही दखल आहे. अमेरिकी यादवी युद्धाच्या काळात कापसाच्या पैशाने मुंबईत सट्ट्याची लाट आली होती. त्याच सुमारास झालेल्या १८६५ च्या मुंबई अधिनियम ३ ने पैजेस साहाय्यभूत असे अनुषंगिक करारही शून्य ठरविले. एवढेच नव्हे, तर पैज घडवून आणण्याबद्दलचे कमिशन, दलाली वा शुल्क यांच्या वसुलीसाठी दावा चालणार नाही, अशी स्पष्ट तरतूद केली. मालवण तेव्हा मुंबई इलाख्याच्या रत्नागिरी जिल्ह्यात होते. सिंधुदुर्ग जिल्हा १९८१ मध्ये अस्तित्वात आला, पण दलालीस दार बंद करणारा हा नियम या किनाऱ्यास दीडशेहून अधिक वर्षांचा जुना आहे.

यातून निसटण्याचा एकच मार्ग होता : पोकर हा जुगार नसून कौशल्याचा खेळ आहे, असे म्हणणे. यावर न्यायालयांत एकमत झाले नाही. गुजरात उच्च न्यायालयाने २०१७ मध्ये पोकरला जुगार मानले. अलाहाबाद उच्च न्यायालयाने २०२४ मध्ये त्याकडे कौशल्याचा खेळ म्हणून पाहिले. कंपन्यांची भूमिका सातत्याने कौशल्याच्या बाजूची होती. म्हणून नैतिकदृष्ट्या एक गोष्ट निर्विवाद ठरते. जी कंपनी सरकारपुढे ‘हा कौशल्याचा खेळ’ असे सांगते, तिला दलालापुढे ‘हा जुगार, म्हणून देणे लागत नाही’ असे म्हणण्याचा अधिकार उरत नाही.

याज्ञवल्क्याचा सभिक

या ठिकाणी प्राचीन धर्मशास्त्रातील मतभेद उद्बोधक ठरतो. मनूने नवव्या अध्यायात राजाने राज्यातून द्यूताचे उच्चाटन करावे असे सांगितले. याज्ञवल्क्याने व्यवहाराध्यायातील द्यूतसमाह्वय प्रकरणात निराळी वाट धरली. द्यूतगृह चालविणाऱ्या सभिकाने मोठा डाव जिंकणाऱ्याकडून शेकडा पाच व इतरांकडून शेकडा दहा घ्यावे, राजास ठरलेला भाग द्यावा, जिंकलेले धन वसूल करून जिंकणाऱ्यास द्यावे आणि सत्यवचनी असावे, अशी ती व्यवस्था होती. राजास भाग मिळाला असेल आणि द्यूत सभिकाच्या उपस्थितीत उघडपणे झाले असेल, तर जिंकलेले धन राजाने देववावे, अन्यथा नाही. राज्याचा वाटा आणि राज्याची हमी यांची येथे सांगड आहे.

आधुनिक राज्याने ही सांगड मोडली. १ एप्रिल २०२३ पासून ऑनलाइन खेळांतील निव्वळ जिंकीवर ३० टक्के करकपात सुरू झाली. १ ऑक्टोबर २०२३ पासून खेळाडूने भरलेल्या संपूर्ण रकमेवर २८ टक्के वस्तू व सेवा कर लागू झाला. राज्याने भाग घेतला, परंतु शब्दाची हमी मात्र घेतली नाही. मनूची बंदीही नाही आणि याज्ञवल्क्याची जबाबदारीही नाही, अशी ही मधली अवस्था होती. वचनभंग करणाऱ्यास याहून सोयीची अवस्था दुसरी नाही.

डोळ्यांदेखतचा हिशेब

कायदा गप्प असता शब्द केवळ पतीवर टिकतो. १९६० च्या दशकात मुंबईत फोफावलेला मटका हा पूर्णतः बेकायदेशीर धंदा. तरीही लागलेल्या आकड्याचे पैसे चुकते होतात, ही त्याची ख्याती होती. याचे कारण सद्गुण नव्हे. आकडा घेणारा त्याच गल्लीत बसत असे; पैसे बुडविले तर दुसऱ्या दिवशी त्याच्याकडे कोणी फिरकले नसते. त्यामागे दहशतही होती, हे विसरता येणार नाही. तथापि पत ही समोरासमोरच्या ओळखीतून निर्माण होते, एवढे त्यातून दिसते.

मालवण किनाऱ्यावरील रापणीचे उदाहरण याहून निर्मळ आहे. जाळे किनाऱ्यावर ओढले जाते आणि मिळालेल्या मासळीचे वाटे रूढीप्रमाणे पडतात. मासळी किती लागली हे ओढणाऱ्या प्रत्येकाने स्वतः पाहिलेले असते, त्यामुळे हिशेबात लपवाछपवीस वाव थोडा राहतो. पोकरच्या दलालाने ‘जाळे’ ओढलेले असते, पण मासळी किती लागली हे त्याला फक्त दुसऱ्याच्या तोंडून कळते. कंपनी कोठे नोंदलेली आहे, हेही त्याला अनेकदा ठाऊक नसते. कायद्याची हमी नाही आणि पतीचीही नाही, अशा दुहेरी पोकळीत हा करार उभा राहतो.

दलालाची बाजू आणि तिची मर्यादा

येथे दलाल हा केवळ बळी ठरवून थांबता येत नाही. रेकमध्ये हिस्सा घेणाऱ्याचे हित खेळाडूने अधिकाधिक काळ खेळण्यात असते. मित्रास ‘खेळून पाहा’ म्हणणाऱ्याने आपल्याला त्यातून काय मिळते हे सांगितले नाही, तर तोही एक वचनभंगच होय. मैत्रीत गृहीत धरलेल्या वचनाचा. भारतीय जाहिरात मानक परिषदेने पैशांच्या खेळांच्या जाहिरातींत आर्थिक जोखमीची सूचना डिसेंबर २०२० पासून आवश्यक केली. परंतु खासगी संदेशातून होणाऱ्या शिफारशीपर्यंत अशी सूचना क्वचितच पोहोचते.

यावर कोणी म्हणेल की, अशा धंद्यातील माणसाचे पैसे बुडाले तर हळहळ कशाला? हा युक्तिवाद वरवर नीतीचा, परंतु प्रत्यक्षात बलवानाच्या सोयीचा आहे. त्याने धंदा घटत नाही. न दिलेले पैसे खेळाडूकडे परत जात नाहीत, ते कंपनीकडेच राहतात. धंद्याचा निषेध करण्यासाठी त्यातील दुर्बलाचे देणे माफ करणे म्हणजे निषेधाचा खर्च दुर्बलाकडून वसूल करणे होय.

निष्कर्ष

ऑनलाइन खेळांचे प्रोत्साहन व नियमन करणाऱ्या अधिनियमास २२ ऑगस्ट २०२५ रोजी राष्ट्रपतींची संमती मिळाली. कौशल्य की दैव हा भेद बाजूस सारून पैशांच्या सर्व ऑनलाइन खेळांवर त्यात बंदी आहे, आणि त्यांच्या जाहिरातीस दोन वर्षांपर्यंत कारावास व ५० लाख रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. राज्याने अखेर मनूचा मार्ग पत्करला. त्यानंतर अनेक कंपन्यांनी पैशांचे खेळ थांबवून खेळाडूंच्या शिल्लक रकमा परत मिळतील असे जाहीर केले. दलालांच्या थकलेल्या हिश्शाला मात्र असा आधार नाही. बंदी ही पुढील व्यवहारास लागू होते. बंदीपूर्वी पूर्ण झालेल्या कामाचे देणे तिने नैतिकदृष्ट्या फिटत नाही. या बंदीनंतर विदेशी संकेतस्थळांसाठी दलाली करणाऱ्यास तर मोबदल्याऐवजी खटलाच वाट्यास येईल.

व्यवसाय नीतिमत्तेच्या अध्यापनासाठी यातून दोन बोध निघतात. एक, कायदेशीर बंधन जेथे संपते तेथे नैतिक बंधन संपत नाही. उलट दुसरा कोणताही आधार नसल्याने ते अधिक जड होते. दोन, वही कोणाच्या हाती आहे आणि अट कोण बदलू शकतो, हे पाहिल्याशिवाय कोणत्याही कमिशनच्या कामास होकार देऊ नये. पोकर बंद झाला तरी निवास, नौकाविहार वा विमा यांच्या कमिशनची कामे या किनाऱ्यावर राहणारच आहेत. त्या प्रत्येक ठिकाणी विद्यार्थ्याने आधी विचारावयाचा प्रश्न एकच आहे : वाटा पडताना मला तो दिसणार आहे काय?