फडाचा न्याय

वहीपूजनाच्या दिवसांत जमाखर्चाचे बोलायला हरकत नसावी. उत्पन्न वाढवावे की वाटणी सुधारावी, हा वाद निघाला की आपले विद्वान परदेशांचे दाखले देतात. आम्ही खानदेशी माणसे मात्र पांझरेकडे बोट दाखवतो.

धुळ्याकडची फड-बागायत काही शतकांची. नदीवर बंधारा, त्यातून पाट, पाटाखालच्या जमिनीचे फड आणि एका फडात हंगामाला एकच पीक. बहुतेकांचे तुकडे निरनिराळ्या फडांत विखुरलेले. पाणी आटले की एखादा फड कोरडा ठेवायचा. टंचाईही वाटून घ्यायची. पाणी पाटकऱ्याने द्यायचे, पीक जागल्याने राखायचे. मालकाने पाटाला हात लावायचा नाही!

उलट रावेर-यावलची केळी पाहा. 2016 साली जळगावच्या केळीला भौगोलिक मानांकन मिळाले. ते वैभव खरेच. पण ते ज्याच्या त्याच्या विहिरीवर उभे आहे. पाणी खोल गेले, तेव्हा ज्याला नवी कूपनलिका परवडली तो तरला. साहजिकच फडाची स्तुती आपण आवडीने वाचतो. मीही ती केली आहे.

परंतु त्या स्तुतीत एक खोट राहून जाते. फडाचा न्याय हा जमीनवाल्यांचा आपापसातला न्याय. जागल्याला राखणीचा मेहनताना मिळे. राखणीमुळे पाण्यावर हक्क मिळत नसे. शहादा तालुका 1998 पर्यंत धुळे जिल्ह्यातच होता. तेथे सावकारीत जमिनी गमावलेले भिल्ल दुसऱ्यांच्या शेतांवर सालदार म्हणून राबत. अंबरसिंग महाराजांनी आणि 1972 साली उभ्या राहिलेल्या श्रमिक संघटनेने जमीन व मजुरी मागितली, तेव्हा हिरव्या शिवारातला हिशेब उघडा पडला. वि. स. पागे यांच्या रोजगार हमीने (कायदा 1977 चा) अशा हातांना काम दिले, हे थोडेथोडके नव्हे. पण काम म्हणजे वाटा नव्हे.

वाट्याचा प्रश्न विलासराव साळुंखे यांनी पुरंदर तालुक्यात 1972 च्या दुष्काळानंतर हाती घेतला. त्यांच्या पाणी पंचायतीत पाणी जमिनीमागे नव्हे, माणशी. भूमिहीनालाही हक्क, आणि उसाला बंदी. पांझरेकाठी हे कलम जोडावे असे म्हटले, की पोक्त मंडळी हसून विचारतात, ‘‘जमीन नसलेला पाणी घेऊन करील काय?’’

दुसऱ्याचे शेत बटाईने करील. माती त्याची, पाणी याचे. मग वाटणी ठरवायला दोघेही एकाच सतरंजीवर बसतील.