तीन घरांची परवानगी, एका घराची जागा

भारतातून इथे आलेला मराठी माणूस पहिली दोन-तीन वर्षे अपार्टमेंटमध्ये काढतो. मुले शाळेत जाऊ लागली की चांगल्या शाळांचा सबर्ब शोधून घर घेतो, आणि मग मिनिॲपोलिस शहराशी त्याचा संबंध डाउनटाउनमधली नोकरी, एखादे नाटक आणि पार्किंगचे पैसे एवढाच उरतो. मीही त्यातलाच. त्यामुळे ‘मिनिॲपोलिस २०४०’ हा शहराचा दीर्घकालीन विकास आराखडा मी बऱ्याच उशिरा वाचला. वाचताना राहून राहून वडिलांची आठवण होत होती.

ते पुण्याहून सहा महिन्यांसाठी आमच्याकडे आले होते. तिकडे रोज सकाळी पायी मंडईत जाऊन येणारा माणूस इथे खिडकीशी बसून माझ्या गाडीची वाट पाहू लागला. दूध आणायचे तरी गाडी, केस कापायचे तरी गाडी. “अरे, इथे माणसे राहतात की मोटारी?” असे त्यांनी एकदा विचारले. मी थंडीकडे बोट दाखवले. पण ते आले होते जून महिन्यात! आमच्या घरापासून चालत जाण्याजोगे दुकान नव्हते ते हवामानामुळे नव्हे. झोनिंगच्या नकाशाने तिथे घराशिवाय दुसरे काही होऊच दिले नव्हते.

हा नकाशा ज्यातून निघतो तो आराखडा. ट्विन सिटीजच्या सात काउंट्यांतील गावांना आपापला सर्वंकष आराखडा करावा लागतो आणि साधारण दर दहा वर्षांनी तो मेट्रोपॉलिटन कौन्सिलच्या धोरणाशी जुळवून अद्ययावत करावा लागतो. मिनिॲपोलिसच्या सिटी कौन्सिलने डिसेंबर २०१८ मध्ये १२ विरुद्ध १ मतांनी नवा आराखडा संमत केला आणि जानेवारी २०२० पासून तो अमलात आला. त्यातली एक तरतूद देशभर गाजली. शहरातील निवासी जमिनीपैकी सुमारे ७० टक्के भागात एका प्लॉटवर एकाच कुटुंबाचे घर बांधता येत असे. आता तिथे तीन बिऱ्हाडांची इमारतही चालणार होती. पहिल्या मसुद्यात हा आकडा चार होता. घरमालकांनी ओरड केली, अंगणाअंगणात निषेधाच्या पाट्या लागल्या आणि चाराचे तीन झाले.

आराखड्याचा सर्वांत प्रामाणिक भाग मला वाटतो तो इतिहासाचा. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात इथल्या अनेक घरांच्या खरेदीखतांत अशी अट असे की हे घर कृष्णवर्णीयांना विकू नये. कित्येक खतांत आशियाई लोकांनाही मनाई होती. १९४८ मध्ये सुप्रीम कोर्टाने या अटींची अंमलबजावणी न्यायालयांतून करता येणार नाही असा निकाल दिला आणि १९६८ च्या कायद्याने घरविक्रीतला वर्णभेदच बेकायदा ठरवला. पण ज्या वस्त्या या अटींनी घडल्या त्यांना ‘एका प्लॉटवर एकच घर’ या नियमाने पुढेही कुंपण घातले. महागडे घर घेता येत नसेल त्याला आत जागाच नव्हती. शहराने हे आपल्या अधिकृत दस्तऐवजात कबूल करावे, ही साधी गोष्ट नाही. आपण इथे मागाहून आलो आणि आपल्याला घर सहज मिळाले, म्हणून हा इतिहास आपला नाही असे समजण्याचे कारण नाही. त्या खतांतल्या मनाईत आपलीही गणती झाली असती.

एवढे श्रेय दिल्यावर आता टीकेकडे वळतो. मुंबई-पुण्यात वाढलेल्या माणसाला ‘चटईक्षेत्र’ हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. किती बिऱ्हाडांना परवानगी आहे, यापेक्षा किती चौरस फूट बांधता येईल हा प्रश्न महत्त्वाचा, हे तिकडे चहाच्या टपरीवरही ठाऊक असते. मिनिॲपोलिसच्या सुरुवातीच्या नियमांत मात्र एकट्या घराला इमारतीची जी उंची आणि जो आकार मंजूर होता, त्यातच तिन्ही बिऱ्हाडे बसवायची होती. म्हणजे तीन पाहुण्यांना जेवायला बोलवायचे आणि ताट एकच मांडायचे! चांगले उभे घर पाडून, तेवढ्याच जागेत तीन लहान घरे बांधण्याचा हिशेब कोणाला परवडणार? परिणाम व्हायचा तोच झाला. अशा तिमजली-तिबिऱ्हाडी इमारती फारच थोड्या उभ्या राहिल्या.

मग आराखडा फसला का? तसे म्हणता येत नाही. प्यू या संस्थेने २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीनुसार २०१७ ते २०२२ या काळात शहरातील घरांची संख्या १२ टक्क्यांनी वाढली आणि भाडी फक्त १ टक्का. उरलेल्या मिनेसोटात घरे ४ टक्के वाढली आणि भाडी १४ टक्के. पण या नव्या घरांपैकी बहुतेक घरे बसमार्गांवरच्या आणि व्यापारी रस्त्यांवरच्या मोठ्या इमारतींत आहेत. या सुधारणांची सुरुवातही आराखड्याच्या आधीची आहे. बससेवेजवळच्या इमारतींसाठी सक्तीच्या पार्किंगचा नियम २०१५ मध्ये सैल झाला आणि २०२१ मध्ये ती सक्ती शहरभर संपली. शिवाय याच काळात महामारी आली आणि २०२० च्या अशांततेने शहर हादरले, त्याचाही भाड्यांवर परिणाम झालाच असणार. तेव्हा सगळे श्रेय एका गाजलेल्या तरतुदीला देणे चुकीचे. ज्याची बातमी झाली त्याने थोडे साधले आणि ज्याकडे कोणी पाहिले नाही त्या पार्किंगच्या नियमाने बरेच साधले.

दुसरी उणीव म्हणजे विरोधाची पुरेशी तयारी नव्हती. आराखड्यातील परवानगीप्रमाणे सगळी घरे बांधली गेली तर पाणी, झाडे, पक्षी यांचे काय होईल, असा दावा पर्यावरणाच्या कायद्याखाली दाखल झाला. न्यायालयाने २०२२ मध्ये आणि पुन्हा २०२३ मध्ये अंमलबजावणी रोखली. शेवटी २०२४ मध्ये विधिमंडळाला कायदा बदलावा लागला. शहरात दाट वस्ती झाली नाही तर तीच माणसे दूरच्या शेतजमिनींवर घरे बांधतील आणि रोज तीस मैल गाडी हाकतील. पर्यावरणाचा हा हिशेब आराखड्याने आकड्यांनिशी आधीच मांडायला हवा होता.

हे सगळे आता सांगण्याचे कारण असे की पुढची पाळी आपली आहे. मेट्रोपॉलिटन कौन्सिलने फेब्रुवारी २०२५ मध्ये २०५० पर्यंतचे धोरण संमत केले आहे आणि त्यानुसार गावोगावचे आराखडे २०२८ च्या अखेरीपर्यंत अद्ययावत व्हायचे आहेत. ईडन प्रेअरी, प्लिमथ, मेपल ग्रोव्ह, म्हणजे आपण राहतो ती गावेसुद्धा त्यात आली. या निमित्ताने सुनावण्या होतील. तिथे बोलायला येतात ते बहुधा ज्यांना काहीच बदलायला नको असे शेजारी. आपण गणपतीच्या आरासाची चर्चा तीन बैठका करतो. एक संध्याकाळ नगरभवनात घालवायला हरकत नाही.

तिथे जाऊन विचारायचे काय? किती बिऱ्हाडांना परवानगी हे विचारू नका. किती चौरस फूट, किती उंची आणि पार्किंगची सक्ती किती, ते विचारा. कोपऱ्यावर किराण्याचे दुकान चालेल का आणि बस किती वेळाने येईल, तेही विचारा. मोठमोठ्या उद्दिष्टांना टाळ्या मिळतात, पण घर उभे राहते ते या आकड्यांवर.

माझे वडील आता नाहीत. मात्र आमच्या पिढीतले कित्येक जण सत्तरीला आले आहेत. डोळ्यांनी दगा दिला की गाडीची किल्ली मुलांच्या हाती द्यावी लागेल. त्या दिवशी खिडकीशी बसून कोणाच्या तरी गाडीची वाट पाहायची, की काठी घेऊन कोपऱ्यावरून दूध आणायचे, हे २०२८ च्या त्या कंटाळवाण्या कागदात ठरणार आहे.