क्रुसासमोर थांबलेला कुंचला

माद्रिद येथील प्रादो संग्रहालयात फ्रांसिस्को दे झुर्बारान (१५९८–१६६४) या स्पॅनिश चित्रकाराचे एक तैलचित्र आहे. आकाराने ते मोठे नाही. उंची १०५ सेंटिमीटर, रुंदी ८४. गडद काळोखात क्रुसावर खिळलेला ख्रिस्त आणि त्याच्या पायाशी उभा असलेला एक प्रौढ चित्रकार, एवढाच विषय. चित्रकाराचा एक हात छातीवर आहे, दुसऱ्या हातात रंगपाटी व कुंचले आहेत. नजर वर, प्रभूच्या मुखाकडे लागली आहे. चित्र १६५० च्या सुमाराचे मानले जाते.

हा चित्रकार कोण? काही अभ्यासक त्याला चित्रकारांचा आश्रयदाता संत लूक मानतात, तर काहींच्या मते तो स्वतः झुर्बारान आहे. ही दोन्ही मते एकत्र नांदू शकतात. लूकच्या रूपात स्वतःला रेखाटण्याची प्रथा युरोपात जुनीच आहे. पंधराव्या शतकात रोखिर फान डर वेडन याने बाळ येशूला घेतलेल्या पवित्र मरियेचे चित्र रेखाटणारा लूक रंगविला. तो लूकही चित्रकाराचे आत्मचित्र असावा, असे मानतात. मात्र तेथे लूकचा हात कागदावर काम करीत आहे. झुर्बारानच्या चित्रात रंग तयार आहेत, कुंचले सज्ज आहेत. हात मात्र थांबला आहे.

या थांबण्यातच चित्राचे मर्म आहे, असे मला वाटते. आत्मचित्र बहुधा आरशात पाहून काढले जाते, म्हणून त्यातील डोळे आपल्याकडे रोखलेले असतात. येथे चेहरा एका बाजूने दिसतो. एका आरशात कोणालाही स्वतःचा चेहरा असा पाहता येत नाही. हे आत्मचित्र असेल, तर आरशाकडे पाठ फिरवून काढलेले आत्मचित्र आहे. कलावंताची ओळख त्याच्या नजरेच्या दिशेवरून पटते, ही जाण त्यामागे दिसते.

येथे एक आक्षेप संभवतो. क्रुसाजवळची ती जागा पवित्र मरियेची आणि योहानाची. तेथे चित्रकाराने स्वतः उभे राहावे, हा अहंकार नव्हे काय? शिवाय छातीवरचा हात ही त्या काळच्या भक्तिचित्रांतील ठरावीक मुद्रा आहे. ती भाबडेपणाकडे झुकू शकते. चित्राला सावरते ती रंगपाटी. हा मनुष्य कामाच्या कपड्यांत, हत्यारांसह आला आहे. कोळ्याने जाळ्यासह यावे, तसा.

समोरचा ख्रिस्त जिवंत आहे, मूर्ती आहे की नुकतेच पूर्ण झालेले चित्र, हेही झुर्बारान सांगत नाही. १६२७ साली सेव्हिलच्या डॉमिनिकन मठासाठी त्याने रंगविलेला क्रूसांकित ख्रिस्त पाहणाऱ्यांना कोरीव मूर्तीच वाटत असे. तो आज शिकागोत आहे. डोळ्यांना फसविण्याचे हे सामर्थ्य ज्याच्या हाती होते, त्याने उतारवयात आपल्याच कौशल्यासमोर नम्र व्हावे, हे लक्षणीय आहे. प्रतिमेला दिलेला मान मूळ व्यक्तीला पोहोचतो, असे ट्रेंटच्या धर्मसभेने १५६३ साली सांगितले. तो प्रवास येथे चित्रकाराच्या डोळ्यांतून घडताना दिसतो.

१६४९ साली सेव्हिलमध्ये प्लेगने थैमान घातले. त्यात झुर्बारानचा चित्रकार पुत्र हुआन दगावला. पुढे मुरिलोच्या मृदू शैलीकडे लोक वळले, कामे घटली आणि १६५८ साली झुर्बारान माद्रिदला गेला. हे चित्र त्या दुःखाचे थेट उत्तर आहे असे म्हणू नये. परंतु त्या वर्षांच्या छायेत पाहिले, की रंगपाटी धरलेला तो हात अधिक बोलका होतो. सर्व काही ओसरत असताना हा मनुष्य काम टाकून देत नाही. कोणाकडे पाहून काम करायचे, एवढे तो पुन्हा ठरवून घेतो.

आपल्या धर्मग्रामांतही गायक आहेत, नाटककार आहेत, नाताळचा गोठा उभारणारे तरुण आहेत. टाळ्या थोड्या पडल्या की त्यांतले कित्येक खचतात. त्यांच्यासाठी या चित्राची एखादी प्रत सभागृहात लावावी. सराव सुरू होण्यापूर्वी क्षणभर हात थांबवून वर पाहण्याची सवय तिने लावली, तरी पुष्कळ झाले.