७७७ : एका रामबाण उपायाची तपासणी

संगणकावर नवी ऑपरेटिंग सिस्टिम चढवली की एक अनुभव बहुतेकांना येतो. काल उघडत होती ती फाईल आज उघडत नाही. पडद्यावर 'परवानगी नाही' एवढेच उमटते. फाईल आपली, संगणक आपला, मग परवानगी कोणाची? अशा वेळी कोणीतरी जाणकार भेटतो, '७७७ देऊन टाका' म्हणतो, आणि काम होते. लिनक्स वापरणाऱ्यांत या उपायाची मोठी ख्याती आहे. आमच्या मते मात्र हा प्रकार 'रोग रेड्याला, औषध पखालीला' असा आहे.

आधी ७७७ म्हणजे काय ते पाहू. वाचण्याच्या परवानगीला ४, लिहिण्याच्या २ आणि चालवण्याच्या १ असे अंक दिलेले आहेत. तिन्ही मिळून ७. पहिला अंक फाईलच्या मालकाचा, दुसरा त्याच्या गटाचा, तिसरा उरलेल्या सगळ्यांचा. म्हणजे ७७७ दिले की सर्वांना सर्व काही खुले. (द्विमान पद्धती शिकवताना हे उदाहरण वर्गात जरूर घ्यावे.)

आमच्या प्रयोगशाळेत सेंटओएस ६ काढून ७ बसवली, तेव्हा मोजमापांची डिस्क होती तशीच ठेवली होती. नंतर पाहतो तो फाईलींच्या मालकाच्या रकान्यात आमच्या नावाऐवजी ५०० हा आकडा! कारण असे, की डिस्कवर मालकाचे नाव लिहिलेले नसतेच, फक्त क्रमांक असतो. रेड हॅट घराण्यातल्या सिस्टिम पूर्वी पहिल्या वापरकर्त्याला ५०० क्रमांक देत. २०११ च्या फेडोरा १६ पासून आणि २०१४ च्या रेड हॅट एंटरप्राइझ लिनक्स ७ पासून ही मोजणी १००० पासून सुरू झाली. सेंटओएस त्यातलीच. वह्यांवर नाव न घालता फक्त हजेरीपटावरचा क्रमांक घातला आणि नव्या वर्षी क्रमांक बदलले, तर जे होईल तेच इथे झाले. परवानग्या बिघडल्या नव्हत्याच. त्या चोख काम करत होत्या. आम्हीच परके ठरलो होतो.

हे तेव्हा उमगले नाही. आम्हीही सगळ्या फोल्डरला ७७७ देऊन मोकळे झालो. दोन आठवड्यांनी एका विद्यार्थ्याने नकळत आपल्या फाईली मूळ नोंदींवरच साठवल्या. त्याचा दोष नाही. अडवणारे काही उरलेच नव्हते. तीन दिवसांची मोजमापे पुन्हा घ्यावी लागली.

या उपायावर आमचा मुख्य आक्षेप सुरक्षिततेचा नाही. तो माहिती पुसतो, हा आहे. कोणती फाईल आम्ही मुद्दाम 'फक्त वाचा' अशी ठेवली होती, कोणती गटापुरती खुली होती, याची नोंद त्या परवानग्यांतच होती. ती एका आज्ञेत गेली आणि उलट फिरण्याची सोय नाही. शिवाय फाईल पुसण्याचा हक्क फाईलवर नव्हे तर ती ज्या फोल्डरमध्ये आहे त्यावर अवलंबून असतो, हे जाणकारांच्याही ध्यानात नसते. आणि हीच आज्ञा कोणी पूर्ण सिस्टिमवर चालवली, तर व्यवस्थापकाचे अधिकार मिळवून देणाऱ्या 'सूडो' या आज्ञावलीवरची विशेष खूणही पुसली जाते. मग दुरुस्तीचे हत्यारच बंद पडते!

योग्य उपाय याहून अवघड नाही. आधी मालकाचा क्रमांक पाहावा. मग तेवढ्याच क्रमांकाच्या फाईली शोधून 'सीएच-ओन' या आज्ञेने त्यांची मालकी बदलावी. परवानग्यांना हात लावू नये. सिस्टिम बदलण्यापूर्वीच क्रमांक टिपून ठेवले आणि नवे खाते त्याच क्रमांकाने उघडले, तर तेवढेही करावे लागत नाही.

विंडोजमध्ये क्रमांकाऐवजी 'सिड' नावाची लांबलचक ओळख असते. आहे त्याच विंडोजवर पुढची आवृत्ती चढवली तर ती टिकते. डिस्क कोरी करून विंडोज नव्याने बसवली, तर नाव तेच ठेवूनही ओळख नवी मिळते. दुसऱ्या डिस्कवरचा जुना फोल्डर उघडू लागलो, की 'सध्या आपल्याला परवानगी नाही' असा संदेश येतो. त्यातला 'सध्या' हा शब्द आम्हांला दिशाभूल करणारा वाटतो. थांबून काही होणार नसते. खालचे 'कंटिन्यू' दाबले की आपल्या नव्या खात्याला त्या फोल्डरचा कायमचा प्रवेश मिळतो, म्हणून ते दाबण्याआधी फोल्डर कोणाचा आहे हे पाहून घ्यावे. 'एव्हरीवन'ला पूर्ण ताबा देणे हा तिथला ७७७ आहे, आणि शाळांतल्या संगणकांवर तो सर्रास दिलेला आम्ही पाहिला आहे.