अवहित्थ आणि अनोळखी नजर

चारचौघांत न बोलणाऱ्या व्यक्तीसाठी मराठीत शब्दांची उणीव नाही. बुजरा, लाजाळू, भिडस्त, संकोची, मुखदुर्बळ, घुमा, अबोल, मितभाषी ही सारी विशेषणे एकाच दृश्याला, म्हणजे कोपऱ्यात गप्प बसलेल्या माणसाला, चिकटविता येतात. परंतु त्यांतील बहुतेक दृश्याचे वर्णन करीत नाहीत. त्याचे कारण सांगून मोकळी होतात. बुजते ते जनावर. वाटेत फडके फडफडले की बैल बुजतो, आणि ‘बुजरा’ या शब्दात ते भय अजून शिल्लक आहे. भिडस्ताच्या ठिकाणी भय नसते, दुसऱ्याचे मन मोडवत नाही एवढेच असते. मुखदुर्बळाजवळ सांगण्यासारखे पुष्कळ असते, ते ओठांवर येत नाही. ‘अबोल’ आणि ‘मितभाषी’ हे दोन शब्द तेवढे कारणाच्या वाटेस जात नाहीत. अनुवादकाला हे भेद पदोपदी जाचतात. कारण परभाषेतील एखाद्या पात्रासाठी यांतला कोणता शब्द त्याने उचलला, यावर ते पात्र वाचकापुढे कोण म्हणून उभे राहणार हे ठरते. शार्लट ब्राँटेच्या ‘व्हिलेट’ (१८५३) या कादंबरीची निवेदिका ल्यूसी स्नो हिच्या बाबतीत तर हा प्रश्न कादंबरीच्या आशयापर्यंत जाऊन भिडतो.

ल्यूसी ही निराधार इंग्रज तरुणी. लाबासकूर नावाच्या एका कल्पित देशाच्या राजधानीत ती एकटी येते. १८४२ ते १८४४ या वर्षांत ब्राँटेने ब्रुसेल्समध्ये काढलेले दिवस या शहरामागे आहेत हे सर्वज्ञात आहे. तेथील भाषा तिला नीट येत नाही, धर्म तिचा नाही, ओळखीचे कोणी नाही. मादाम बेकच्या मुलींच्या शाळेत ती प्रथम मुले सांभाळते आणि पुढे इंग्रजी शिकवू लागते. साधा वेष, मोजके बोलणे, नजरेत न भरणारा चेहरा. मग भोवतालचे लोक तिला वाचू लागतात. मादाम बेकला ती विदुषी वाटते, जिनेव्रा फॅनशॉ या उथळ मुलीला कडवट आणि उपरोधिक, श्री. होम यांना आदर्श, संयमी शिक्षिका, देखण्या डॉ. जॉनला एक निरुपद्रवी सावली. प्राध्यापक पॉल इमॅन्युएल मात्र तिला तापट आणि अविचारी म्हणतो. यांतील बहुतेक मतांची यादी ल्यूसी स्वतःच एके ठिकाणी देते, आणि ती देताना तिला मौज वाटत असावी असा तो सूर आहे.

या ठिकाणी आपल्या साहित्यशास्त्राची आठवण होते. भरताने सांगितलेल्या तेहेतीस व्यभिचारी भावांत अवहित्थ हा एक आहे. अवहित्थ म्हणजे आकाराचे प्रच्छादन, मनातले चेहऱ्यावर येऊ न देणे. त्याची कारणे म्हणून भरत जी नावे देतो त्यांत लज्जा आणि भय आहेत, पराजय आहे, त्याचप्रमाणे गौरव आहे आणि जैह्म्य, म्हणजे मनाचा वाकडेपणा, हाही आहे. एकच झाकलेला चेहरा आणि त्यामागे इतक्या भिन्न जातींची कारणे! मम्मटाने ‘काव्यप्रकाशा’त हीच अडचण अधिक व्यापक करून मांडली. वाघ हा भयाचा विभाव तसाच वीराचा व अद्भुताचाही होऊ शकतो. अश्रू शृंगारात येतात तसे करुणातही येतात. म्हणून विभाव, अनुभाव व व्यभिचारी भाव सुटे घेतले तर निर्णायक ठरत नाहीत, त्यांचा संयोगच अर्थ देतो. रस्त्यात, बैठकीत, प्रवासात भेटणाऱ्या अनोळखी माणसाला हा संयोग कधीच मिळत नाही. त्याच्या हाती एक सुटा अनुभाव लागतो, आणि उरलेले तो स्वतःच्या पदरचे घालतो.

पदरचे घालताना तो लज्जा आणि भय हीच कारणे का निवडतो, गौरव का निवडत नाही? माझ्या मते याचे उत्तर पाहणाऱ्याच्या सोयीत आहे. समोरची व्यक्ती भ्यालेली आहे असे मानले की आपण आपोआप धीर देणारे होतो. ती आपल्याच मर्जीने गप्प आहे असे मानले तर कदाचित तीच आपल्याला न्याहाळीत आहे, हे कबूल करावे लागते. डॉ. जॉन हा मनाने खरोखर चांगला आहे. त्याच्या चांगुलपणाला ल्यूसीकडे नीट पाहण्याची गरज पडत नाही, एवढेच.

ब्राँटेने हा भेद प्रसंगांतून किती काटेकोरपणे राखला आहे, हे पहिल्या तासिकेच्या प्रकरणात दिसते. ल्यूसीला अचानक वर्गावर पाठविताना मादाम बेक तिला मागे फिरणार की पुढे जाणार असे विचारते, आणि पुढे जाणार म्हटल्यावर, तू फार गडबडून तर गेली नाहीस ना, असे किंचित कुत्सितपणे पुसते. ल्यूसी पायाखालची फरशी बोटाने ठोकून सांगते की या दगडाहून, किंवा तुमच्याहून, मी अधिक अस्वस्थ नाही. वर्गातील दांडगट मुली नव्या बाईंना पळवून लावण्याच्या तयारीत बसलेल्या असतात. ती एकीचा निबंध मोठ्याने वाचून सर्वांदेखत फाडते, दुसरीला लगतच्या कोठडीत ढकलून दार लावून घेते, आणि मग शांतपणे शुद्धलेखन घालते. शाळेच्या उत्सवातील नाटकातही असेच घडते. ऐन वेळी गळ्यात पडलेल्या पुरुषपात्राच्या भूमिकेत ती अशी रंगते की तिचे तिलाच नवल वाटते. आणि पुन्हा रंगभूमीवर पाऊल ठेवायचे नाही असे ठरविते. हा निश्चय भित्र्या मनाचा नाही. या गोष्टीची आपल्याला किती गोडी लागेल, हे तिने ओळखलेले असते.

याचा अर्थ ल्यूसीला भय ठाऊकच नाही असे नव्हे. व्हिलेटमधील पहिल्या रात्री दोन पुरुष मागे लागतात तेव्हा ती घाबरून धावते आणि वाट चुकते. दीर्घ सुटीत ओस पडलेल्या शाळेत एकटेपणाने तिचे मन इतके ढासळते की प्रॉटेस्टंट असूनही ती कॅथलिक धर्मगुरूपुढे जाऊन गुडघे टेकते. पण या दोन्ही वेळी ती वाचकाला तसे स्पष्ट सांगते. भय हे तिच्याजवळचे लपविण्याचे द्रव्य नाही. ती लपविते ते वेगळेच. डॉ. जॉन हा आपल्या लहानपणी परिचयाचा असलेला ग्रॅहम ब्रेटन आहे हे तिने ओळखले आहे. ती त्याला सांगत नाही आणि कित्येक प्रकरणे वाचकालाही सांगत नाही. आपल्याकडे रोखून पाहताना त्याने तिला आरशात पकडले आणि माझ्यात काही वैगुण्य दिसते काय असे विचारले, तेव्हाही ती खुलासा करीत नाही. जेथे आपली खरी ओळख कधीच पटणार नाही तेथे पूर्ण गैरसमजच सुखाचा, अशा अर्थाचे काही ती म्हणते. येथे भरताच्या यादीतले गौरव आणि जैह्म्य शेजारी शेजारी बसले आहेत.

समीक्षेनेही कधी कधी अनोळखी माणसाचीच चूक केली आहे. श्रीमती गॅस्केल यांनी लिहिलेले ब्राँटेचे चरित्र (१८५७) प्रसिद्ध झाल्यापासून लेखिकेची संकोची, सोशिक प्रतिमा इतकी रुजली की तिच्या प्रकाशात ल्यूसीला पाहणे सोपे होऊन बसले. याउलट मॅथ्यू आर्नल्डला ही कादंबरी वाचून तीत बंड आणि संताप दिसला, आणि तो त्याला मुळीच रुचला नाही. नावडीने का होईना, आर्नल्ड कथेच्या अधिक जवळ पोचला असे मला वाटते. पॉल इमॅन्युएलचेही तसेच. तो भांडतो, टोचतो, तिच्या मेजाचे खण उघडून पाहतो. परंतु ही बाई कोणाला घाबरून गप्प आहे असे त्याच्या मनातही येत नाही.

परप्रांतातील परिसंवादांत मराठी अनुवादक गप्प बसला की शेजारी बसलेले सद्गृहस्थ हमखास ‘बोला, संकोच नको’ म्हणतात. तो त्या वेळी तीन भाषा एकदम ऐकत असतो हे त्यांना दिसण्याचा संभव नाही. ती चूक चहाच्या वेळेपर्यंत विरून जाते. छापलेल्या पानावर ‘बुजरी’ हा शब्द पडला की तो तेथेच राहतो, आणि मग फरशी ठोकणारी ल्यूसी मराठीत अकस्मात धीट झाल्यासारखी, म्हणजे विसंगत वाटू लागते. तिच्यासाठी ‘अबोल’ हाच शब्द मला योग्य वाटतो, आणि पुष्कळ ठिकाणी तोही नको. कादंबरीच्या अखेरीस समुद्रावर सात दिवस वादळ होते. पॉल परत आला की नाही हे ल्यूसी सांगत नाही. आशावादी वाचकांना हवे ते कल्पू द्यावे, म्हणून ती मध्येच थांबते. पॉल बुडाला असे वाक्य त्या पानांत नाही, आणि मराठी अनुवादातही ते येता कामा नये.