लहान दारे : असातरूप जातकातील वेढ्याची चिकित्सा

जातकट्ठकथेतील शंभरावे असातरूप जातक आपल्याकडे बहुधा सीवली थेरांच्या चरित्राचे एक उपकथानक म्हणूनच वाचले जाते. लाभी भिक्खूंमध्ये सीवली अग्र, असे भगवंतांनी अंगुत्तर निकायात सांगितले आहे. त्यामुळे प्रवचनांतून त्यांच्या लाभाची कथा विस्ताराने येते. पूर्वजन्मी त्यांनी एका नगराची अन्नपाण्यावाचून केलेली कोंडी मात्र दोन वाक्यांत उरकली जाते. प्रस्तुत लेखात या कोंडीचाच विचार करावयाचा आहे. युद्धात सेनेने कसे वागावे आणि ज्यांच्या हाती शस्त्र नाही त्या प्रजेचे काय, हा प्रश्न पालि वाङ्मयात इतक्या नेमकेपणाने क्वचितच मांडला गेला आहे.

कथेचा सांगाडा असा. कोसलाच्या राजाने वाराणसीवर स्वारी करून तेथील राजास ठार केले व त्याच्या पट्टराणीस आपली राणी केले. राजपुत्र सांडपाण्याच्या मोरीवाटे निसटला. पुढे सैन्य जमवून तो परतला आणि राज्य द्यावे अथवा युद्धास उभे राहावे, असा निरोप त्याने धाडला. त्याची माता त्या वेळी नगरातच होती. तिने त्यास उलट कळविले की, लढाईचे प्रयोजन नाही. चारी दिशांची ये-जा तोडावी, म्हणजे सरपण, पाणी आणि अन्न संपून थकलेले नगर युद्धावाचूनच हाती येईल. तसेच झाले. सातव्या दिवशी नागरिकांनी आपल्याच राजाचे शिर कापून राजपुत्रास नेऊन दिले. या कर्माचा विपाक म्हणून तो सात वर्षे मातेच्या गर्भात राहिला आणि सात दिवस प्रसूतीत अडला. सल्ला देणारी माता हीच सुप्पवासा कोलियकन्या. तिलाही त्या दुःखाचा वाटा मिळाला.

धम्मपद-अट्ठकथेत खदिरवनिय रेवत थेरांच्या वस्तूत हीच कथा येते. तेथे एक महत्त्वाचा तपशील अधिक आहे. राजाने नगराचे चार मोठे दरवाजे रोखले होते, पण लहान दारे मोकळी होती. त्यांतून लोक बाहेर पडत, सरपण-पाणी आणत, आणि वेढा वर्षानुवर्षे चालूनही नगर तग धरून होते. मातेस हे कळले तेव्हा तिने पुत्रास मूर्ख ठरविले आणि लहान दारेही बंद करावयास सांगितले. ती बंद होताच सातव्या दिवशी नगर पडले. अट्ठकथाकारांनी अवीची नरकाचा व गर्भवासाचा विपाक याच कृत्याशी जोडला आहे.

या दोन पाठांची तुलना केली असता तीन गोष्टी लक्षात येतात.

पहिली गोष्ट अशी की, जातकातील राजपुत्राचा पक्ष न्याय्य आहे. त्याचा पिता मारला गेला, माता हिरावली गेली, राज्य बळकावले गेले. आक्रमक तो नव्हे, कोसलराजा होय. तरीही विपाक राजपुत्रास चुकला नाही. हेतू न्याय्य असला म्हणजे आचरण आपोआप न्याय्य होते, हा जगातील बहुतेक सर्व सेनापतींचा समज येथे मुळातच नाकारला आहे. हेतूचा हिशेब वेगळा, आचरणाचा वेगळा.

दुसरी गोष्ट लहान दारांची. मोठे दरवाजे रोखणे म्हणजे शत्रूच्या सैन्यास रोखणे. लहान दारे रोखणे म्हणजे पाण्याला निघालेल्या बाईस रोखणे. हा भेद धम्मपद-अट्ठकथेने अचूक टिपला आहे. वेढ्याची वर्षे चालली होती तोवर कथाकार फारसे बोलत नाहीत. शेवटच्या सात दिवसांवर मात्र कर्माचा सारा भार टाकतात. जातकाचा पाठ याला आणखी एक धार देतो. राजपुत्र स्वतः वाचला तो एका मोरीच्या वाटेने, म्हणजे एका लहान दारानेच. ज्या वाटेने आपला जीव वाचला, तसली प्रत्येक वाट त्याने इतरांना बंद केली. आणि विपाकाचे रूपही तेच आहे : द्वार न सापडणारा गर्भ.

तिसरी गोष्ट जातकाच्या नावाची. असात म्हणजे अप्रिय, सात म्हणजे प्रिय. जातकाची गाथा सांगते की, अप्रिय हे प्रियाचे आणि दुःख हे सुखाचे रूप घेऊन येते व प्रमादी माणसास जिंकते. उदानात ही गाथा सुप्पवासेच्या आणखी सात पुत्रांच्या इच्छेला उद्देशून आहे. रूढ व्याख्याही तेवढ्यावरच थांबते. माझ्या मते तिचा विषय पूर्वकथेतील वेढाही आहे. युद्धावाचून मिळालेला विजय हेच तर सातरूप घेतलेले असात होय. तलवार उपसली गेली नाही, बाण सुटला नाही, म्हणून हिंसा झाली नाही असे वाटते. प्रत्यक्षात ती नगरातल्या चुलीपर्यंत पोहोचलेली असते.

शस्त्रावाचूनच्या दुसऱ्या एका विजयाशी याची तुलना करावी. दीघ निकायातील चक्कवत्तिसीहनाद सुत्तात चक्रवर्ती राजा दंड व शस्त्र यांवाचून पृथ्वी जिंकतो. शरण आलेल्या राजांना तो शीलाचा उपदेश करतो आणि पूर्वी भोगत होता तसेच भोगा, असे सांगतो. तेथील क्रियापदाचा मूळ अर्थ खाणे असाही आहे. एक जेता शस्त्रावाचून जिंकतो आणि लोकांचे ताट तसेच ठेवतो. दुसरा शस्त्रावाचून जिंकतो तो ताट काढून घेऊन. बाहेरून दोन्ही विजय सारखे दिसतात. धम्मविजय कोणता आणि त्याचे सोंग कोणते, हे ताटाकडे पाहिल्यावाचून कळत नाही.

कथेतील उणिवाही सांगितल्या पाहिजेत. सात दिवस उपाशी राहिलेल्या नगरवासीयांना कथेत चेहरा नाही. त्यांचे दुःख आपल्याला कळते ते केवळ सुप्पवासेच्या वेणांच्या मापाने. भुकेने गांजून ज्यांनी राजहत्या केली, त्यांच्या कर्माचे काय, याबद्दल दोन्ही पाठ मौन पाळतात. शिवाय क्रूर सल्ला स्त्रीच्या मुखी घालण्याची जुनी सवय येथेही सुटलेली नाही. विपाकाचा वाटा दोघांना देऊन कथाकाराने तोल काहीसा सांभाळला, इतकेच.

ही चिकित्सा केवळ ग्रंथापुरती ठेवावयाची नसेल, तर तिची कसोटी आपल्याच सीमेवर घेता येते. वाशीम १९४८ मध्ये अकोला जिल्ह्यातील तालुका होता आणि शेजारचे हिंगोली निजामाच्या परभणी जिल्ह्यात होते. आजची जिल्ह्याची हद्द तेव्हा दोन राज्यांची सरहद्द होती. २९ नोव्हेंबर १९४७ रोजी भारत व हैदराबाद यांच्यात जैसे थे करार झाला. त्यानंतर औषधांसह जीवनावश्यक माल भारताच्या हद्दीत अडविला जातो, अशी तक्रार हैदराबाद सरकार करू लागले. २१ ऑगस्ट १९४८ रोजी त्याने आपले गाऱ्हाणे संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा समितीपुढे नेले. नाकेबंदी हे आपले धोरण असल्याचे भारत सरकारने नाकारले. व्ही. पी. मेनन व मीर लायक अली या दोन पक्षांच्या दोन जबाबदार व्यक्तींनी या काळाविषयी लिहिले आहे. दोघांचे ग्रंथ शेजारी ठेवून वाचावेत.

संस्थानी प्रजेचा पक्ष न्याय्य होता, याविषयी मला शंका नाही. कासीम रझवीच्या रझाकारांनी गावेच्या गावे भयभीत केली होती आणि असंख्य कुटुंबे वऱ्हाडच्या आश्रयाला आली होती. त्यांच्यासाठी ही सरहद्द लहान दारच ठरली, आणि ते उघडे राहिले, हे वऱ्हाडचे भूषण होय. परंतु त्याच सरहद्दीवरून आत जाणाऱ्या औषधाच्या पेटीचे काय झाले, हा प्रश्न जातक आपल्याला टाळू देत नाही. ती पेटी निजामाच्या प्रजेसाठी होती, आणि ज्यांच्या मुक्तीसाठी लढा चालला होता ते लोकही त्याच प्रजेत होते.

१३ सप्टेंबर १९४८ रोजी सैन्य आत शिरले व १७ तारखेस निजामाने शरणागती दिली. या लष्करी मोहिमेस पोलीस कारवाई असे नाव पडले. हेही एक सातरूपच. त्यानंतर नेहरूंच्या सांगण्यावरून पंडित सुंदरलाल यांच्या समितीने संस्थानात फिरून पाहणी केली. या काळात २७ ते ४० हजार माणसे मारली गेली असावीत, असा तिचा अंदाज आहे. उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर व नांदेड या जिल्ह्यांना सर्वाधिक झळ पोहोचली. सैनिकांनी अनेक ठिकाणी मुसलमानांचे रक्षण केले, तर काही ठिकाणी लुटीत व हत्येत भाग घेतला, असे दोन्ही तिने नोंदविले. हा अहवाल २०१३ पर्यंत सर्वसामान्यांच्या हाती पडला नाही. मुक्तिदिन साजरा करताना ही नोंद वाचल्याने मुक्तीचे मोल कमी होत नाही; दोन हिशेब वेगळे ठेवण्याची शिस्त तेवढी पाळली जाते.

त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात न्युरेम्बर्ग येथे अमेरिकी लष्करी न्यायाधिकरणापुढे लेनिनग्राडच्या वेढ्याचा प्रश्न आला होता. वेढ्यातून बाहेर पडू पाहणाऱ्या नागरिकांवर तोफा डागण्याचा जर्मन सेनापती फॉन लेब याचा आदेश तत्कालीन युद्धनियमांनुसार बेकायदा ठरत नाही, असा निर्णय झाला. कायदा वेगळा असता तर बरे, अशी खंत न्यायाधीशांनी व्यक्त केली. नागरिकांस उपाशी मारणे हे युद्धाचे साधन म्हणून निषिद्ध ठरले ते १९७७ च्या जिनिव्हा पूरक करारात. तेथे पोहोचण्यास जगाला जी वाट चालावी लागली, तिची दिशा सिंहलातील अट्ठकथाकारांनी दीड हजार वर्षांपूर्वी लहान दारांच्या तपशिलात दाखविली होती.

आपल्या समाजाला हा विषय दूरचा वाटण्याचे कारण नाही. बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात सिद्धार्थ कोलियांविरुद्धच्या युद्धास विरोध करतो, तेव्हा शाक्य संघ त्याच्या कुटुंबावर सामाजिक बहिष्कार घालण्याची व जमीन जप्त करण्याची धमकी देतो. फाशी वा हद्दपारीस कोसलराजाची संमती लागली असती. बहिष्कारास ती लागत नव्हती. शस्त्र न उचलता माणसास गुडघ्यांवर आणण्याचे हे साधन बाबासाहेबांनी गावोगावी पाहिले होते. पाणवठा बंद, दुकान बंद, गिरणी बंद : ही गावगाड्यातील लहान दारे होत. महाराष्ट्रात सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा झाला तो २०१६ मध्ये.

म्हणून कोणत्याही नाकेबंदीचा विचार करताना, मग ती आपल्या बाजूची असो वा विरुद्ध बाजूची, केवळ कोण न्याय्य आहे एवढेच विचारून थांबू नये. लहान दारे उघडी होती काय, आणि ती बंद करावयास कोणी सांगितले, हेही विचारावे. असातरूप जातकाने सल्लागारालाही विपाकातून सोडलेले नाही. घरी बसून कोंडीची भलामण करणाऱ्या आपल्यासारख्या लिहित्या-बोलत्या माणसांसाठी कथेतील हाच भाग सर्वांत जवळचा आहे.