आरोपीला गाणे, वकिलाला संवाद

हिंदी चित्रपटगीतात गुन्हेगाराला पहिल्यापासून मानाचे पान आहे. पाकीटमार, ठग, दरोडेखोर, जन्मठेपेची कैदी, फाशीकडे निघालेला क्रांतिकारक, मुंबईच्या टोळीतला नेमबाज, अशा प्रत्येकाच्या वाट्याला निदान एक तरी लक्षात राहणारे गाणे आले. वकिलाच्या वाट्याला ते आले नाही. न्यायाधीशाचा तर प्रश्नच नाही. काळा कोट, आरोपीचा पिंजरा, साक्षीदाराची शपथ हे सगळे हिंदी पडद्यावर सत्तर वर्षांहून अधिक काळ उदंड आहे, पण वाद्यवृंद कोर्टाच्या दाराशी येतो आणि तिथेच थबकतो.

‘आवारा’ (१९५१) हे याचे सर्वांत बोलके उदाहरण. चित्रपटाची सगळी मांडणी खटल्याची आहे. न्यायाधीश रघुनाथ यांच्यावर हल्ला केल्याचा आरोप राजवर आहे, त्याचे वकीलपत्र रीटाने घेतले आहे आणि तिच्या उलटतपासणीतून सारी पूर्वकथा उलगडते. शंकर-जयकिशन, शैलेंद्र आणि हसरत जयपुरी यांची गाणी मात्र या खटल्याला स्पर्शही करत नाहीत. शीर्षकगीत रस्त्यावर आहे, प्रसिद्ध स्वप्नदृश्य ढगांत आहे. नर्गिसने रंगवलेली रीटा गाते ती प्रेयसी म्हणून. कोट चढवला की ती फक्त बोलते, आणि फर्डे बोलते.

ही वाटणी योगायोगाने झालेली नाही. हिंदी चित्रपटातले कोर्ट पारशी रंगभूमीच्या संवादशैलीचे वारस आहे. तिथे टाळ्या घेतात त्या लांबलचक तकरीरी, अवचित हजर होणारा साक्षीदार आणि हातोडा आपटणारे न्यायमूर्ती. (भारतीय न्यायालयांत असा हातोडा वापरण्याची पद्धत नाही, तो विलायती चित्रपटांतून आला आणि इथेच ठाण मांडून बसला.) जिथे शब्दांची आतषबाजी आधीच चालू आहे, तिथे गाण्याला काम उरत नाही. राजकुमार संतोषींच्या ‘दामिनी’तला (१९९३) सनी देओलचा वकील तारखांच्या चक्राबद्दल जो संताप व्यक्त करतो तो तीस वर्षांनंतरही लोकांना तोंडपाठ आहे. त्याच चित्रपटातली किती गाणी तशी पाठ आहेत, हे रसिकांनी स्वतःलाच विचारावे.

बी. आर. चोप्रांनी ही अडचण ओळखली आणि गाण्यांनाच रजा दिली. फाशीच्या शिक्षेवर प्रश्नचिन्ह उभे करणाऱ्या त्यांच्या ‘कानून’मध्ये (१९६०) एकही गाणे नाही. त्यांच्याच संस्थेच्या आणि यश चोप्रांनी दिग्दर्शित केलेल्या ‘इत्तेफाक’मध्येही (१९६९) नाही. दोन्ही प्रयोगांचे कौतुक झाले. त्यातून एक समजूतही पक्की झाली की कायद्याबद्दल गंभीर बोलायचे तर गाणे बाजूला ठेवावे लागते.

नानावटी खटल्याचे चित्रपटांतले प्रवास या समजुतीची चांगली परीक्षा घेतात. नौदल अधिकारी कावस नानावटी यांनी एप्रिल १९५९मध्ये मुंबईत पत्नीचा प्रियकर प्रेम आहुजा याला गोळ्या घातल्या. ज्यूरीने आठ विरुद्ध एक मतांनी त्यांना निर्दोष ठरवले. न्यायाधीशांना तो कौल पटला नाही, प्रकरण उच्च न्यायालयात गेले, जन्मठेप झाली, ती सर्वोच्च न्यायालयात कायम राहिली आणि १९६४मध्ये राज्यपालांनी माफी दिली. ‘ब्लिट्झ’ साप्ताहिकाने नानावटींची बाजू उचलून धरली आणि सारे शहर या खटल्यात पंच होऊन बसले. लोकगीतकाराला याहून चांगला ऐवज कुठला मिळणार? आल्हा-पोवाड्याच्या मुलखात यावर बाजारात चोपड्या विकल्या गेल्या असत्या. चित्रपटाने काय केले? ‘ये रास्ते हैं प्यार के’ (१९६३) या नावातच उत्तर आहे: रवी यांच्या सुरेल चाली, आशा भोसले यांनी गायलेले शीर्षकगीत, आणि विषय प्रेमातल्या वाटा-वळणांचा. गुलजारांचा ‘अचानक’ (१९७३) त्याच घटनेवर बेतलेला, पण गाण्याविना. ‘रुस्तम’ (२०१६) पुन्हा प्रेमगीताकडे वळला. तीन चित्रपट झाले, पण ज्यूरीच्या कौलावर कुणी एक कडवेही रचले नाही. तिन्हींत ‘अचानक’ सर्वांत प्रामाणिक ठरतो, कारण ज्याबद्दल गाता येत नाही त्याबद्दल तो गातच नाही.

मराठीतही चित्र वेगळे नव्हते. राजा परांजपे यांच्या ‘पाठलाग’चा (१९६४) नायक वकील आहे. त्याची पत्नी मरण पावलेली असताना तिच्याच चेहऱ्याची स्त्री दरोडेखोरांच्या टोळीतली म्हणून आरोपीच्या पिंजऱ्यात येते. ग. दि. माडगूळकरांचे शब्द, दत्ता डावजेकरांची चाल आणि आशा भोसले यांचा आवाज लाभलेले त्यातले गाणे आजही ऐकले जाते. ते आहे मागे रेंगाळणाऱ्या पत्नीच्या डोळ्यांचे. राज खोसलांनी ‘मेरा साया’ (१९६६) या नावाने हीच कथा हिंदीत आणली तेव्हा लता मंगेशकरांच्या आवाजातली सावली पत्नीकडे राहिली आणि बरेलीच्या बाजारातल्या झुमक्याचा सगळा ठसका टोळीतल्या बाईला मिळाला. वकिलाच्या वाट्याला कान तेवढे आले. मदनमोहन यांच्या चालींपुढे त्याची तक्रार असायचे कारण नाही, हा भाग वेगळा.

तुरुंगात मात्र हिंदी गाणे मनापासून गेले आणि तिथे त्याने आपले उत्तम काम केले. बिमल रॉय यांचा ‘बंदिनी’ (१९६३) ‘जरासंध’ या टोपणनावाने लिहिणाऱ्या चारुचंद्र चक्रवर्ती यांच्या बंगाली कादंबरीवर आधारलेला आहे. लेखक स्वतः तुरुंगाधिकारी होते आणि त्यामुळे भिंतींच्या आतला दिनक्रम पडद्यावर खरा वाटतो. स्त्रियांच्या तुरुंगात दळण चालू आहे आणि एक कैदी श्रावणाचे गाणे म्हणते. वडिलांनी या वर्षी तरी भावाला न्यायला पाठवावे, माहेरच्या झाडाला झोके बांधले गेले असतील, बालपणीच्या सख्या परत आल्या असतील, असा त्याचा आशय. उत्तरेकडच्या सासुरवाशिणींचे हे परंपरागत गाऱ्हाणे शैलेंद्रांनी जवळजवळ जसेच्या तसे उचलले. बदलली ती फक्त जागा. सासरचे कुंपण तुरुंगाची भिंत झाले आणि न्यायला येणारा भाऊ कधीच येणार नाही, हे गाणारीला आणि ऐकणारीला दोघींनाही ठाऊक आहे. सचिनदेव बर्मन यांनी चाल साधी ठेवली आणि आशा भोसले यांनी आवाजात रडे येऊ दिले नाही. जात्यावरच्या ओव्या ऐकत वाढलेल्या मराठी माणसाला या दृश्याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. शिक्षेचे कलम, मुदत, अपील यांचा गाण्यात उच्चारही नाही, तरी जन्मठेप म्हणजे काय हे कुठल्याही निकालपत्रापेक्षा त्यातून नीट कळते.

व्ही. शांताराम यांच्या ‘दो आँखें बारह हाथ’ची (१९५७) गोष्ट याहून वेगळी आहे. औंध संस्थानात आटपाडीजवळ स्वतंत्रपूर येथे खुल्या तुरुंगाचा जो प्रयोग झाला, त्यावर हा चित्रपट उभा आहे, आणि त्याची कथा लिहिणारे माडगूळकर त्याच मुलखातले. खुनासाठी शिक्षा झालेले सहा कैदी एका तुरुंगाधिकाऱ्याच्या विश्वासावर माळरान कसतात. भरत व्यास यांनी लिहिलेली आणि वसंत देसाई यांनी चाल दिलेली त्यातली प्रार्थना शाळाशाळांत पोहोचली. प्रार्थना म्हणून ती निर्दोष आहे. चित्रपटातला धाडसी विचार मात्र तिच्यात उतरत नाही. कैद्यावर भिंतीविना विश्वास टाकावा, हा विचार शासनव्यवस्थेला उद्देशून आहे, आणि गाणे बोलते थेट परमेश्वराशी. सकाळी शाळेत ती म्हणणाऱ्या कित्येक पिढ्यांना ती खुन्यांच्या तोंडची आहे याचा पत्ताही नाही.

शहरी भुरट्या चोराची गाणी जास्त चपळ निघाली. ‘सीआयडी’मध्ये (१९५६) जॉनी वॉकरचा पाकीटमार मुंबईचे वर्णन करतो तेव्हा शहरातला कोण सभ्य आणि कोण चोर, याचा हिशेब मजरूह सुलतानपुरी हसत हसत उलटा मांडतात. नेहरूंवर टीका करणाऱ्या कवितेपायी मजरूह स्वतः तुरुंगात राहून आले होते, त्यामुळे हा हिशेब त्यांना शिकवावा लागला नसणार. त्याच्या आदल्याच वर्षी ‘श्री ४२०’ने भारतीय दंड विधानाचे एक कलम थेट नावात घातले. १ जुलै २०२४ रोजी भारतीय न्याय संहिता लागू झाली आणि फसवणुकीचे ते कलम ३१८(४) झाले. लबाड माणसाला तीनशे अठरा म्हणणारा अजून कुणी भेटलेला नाही.

दरोडेखोरांच्या चित्रपटांत गाणे भरपूर, पण कायद्याबद्दलचा विचार तुरळक. ‘मुझे जीने दो’मधली (१९६३) साहिर यांची अंगाई तेवढी वेगळी काढावी लागते. दरोडेखोराच्या मुलाला झोपवताना आई त्याच्या बालपणाला तारुण्याचा आशीर्वाद देते आणि बापाचा गुन्हा मुलाच्या वाट्याला येईल या धास्तीने कळवळते. जयदेव यांनी तिला दिलेली चाल त्या धास्तीचा आवाज कुठेही वाढू देत नाही.

पोलिसाबाबत एक अलिखित नियम बराच काळ पाळला गेला: अंगावर वर्दी असेपर्यंत गायचे नाही. ‘जंजीर’मधला (१९७३) इन्स्पेक्टर विजय एकही गाणे म्हणत नाही, दोस्तीचे गाणे म्हणतो तो जुगाराचा अड्डा चालवणारा शेर खान, मन्ना डे यांच्या आवाजात. ‘खलनायक’मधली (१९९३) पोलीस अधिकारी गाते ती नर्तकीचा वेश घेतल्यावर, आणि त्या गाण्याविरुद्ध दिल्लीतल्या एका वकिलाने कोर्टात धाव घेतली. ‘सिंघम’ने (२०११) हा नियम मोडला. अजय-अतुल यांच्या ढोल-ताशांच्या गजरात वर्दीतला अधिकारी सिंह होऊन अवतरतो. गोव्यात घडणाऱ्या या कथेत गाणे ज्या पराक्रमाची आरती ओवाळते त्यात आरोपपत्र, पुरावा, साक्ष यांना जागा नाही. संगीत म्हणून ते दणदणीत आहे. कायद्याबद्दलचे गाणे म्हणून ते चिंताजनक आहे, कारण कोर्टाला वगळून न्याय मिळतो, या कल्पनेवरच त्याचा ठेका बसवलेला आहे.

‘अंधा कानून’चे (१९८३) शीर्षकगीत या रांगेत आधी येते. किशोर कुमार यांचा आवाज, आनंद बक्षी यांचे शब्द आणि लक्ष्मीकांत-प्यारेलाल यांचे संगीत अशी तगडी सामग्री त्याच्यामागे होती. कायद्यावर थेट बोलणारे इतके लोकप्रिय गाणे हिंदीत दुसरे नसावे. पण कायदा त्यात डोळ्यांवर पट्टी बांधलेली मूर्ती एवढाच राहतो. ती का चुकते, कोणाच्या बाबतीत चुकते, याचा तपशील गाण्याला नको असतो. सर्वोच्च न्यायालयात २०२४मध्ये बसवलेल्या न्यायदेवतेच्या नव्या मूर्तीच्या डोळ्यांवर पट्टी नाही आणि हातात संविधान आहे. तक्रारीचे ते रूपकही आता जुने झाले. अमिताभ बच्चन यांचा वकील अखेर ‘पिंक’मध्ये (२०१६) छंदात बोलला, तोही खटला संपल्यावर, श्रेयनामावलीवर वाचलेल्या कवितेतून.

गेल्या काही वर्षांत कलमांची भाषा चित्रपटाबाहेरच्या पंजाबी गाण्यांत आली. गायक सिद्धू मूसेवाला याच्यावर २०२०मध्ये शस्त्र कायद्याखाली गुन्हा नोंदला गेला. त्यावर त्याने ‘संजू’ हे गाणे काढले आणि त्या गाण्यावरूनही गुन्हा दाखल झाला. २०२१चे ‘२९५’ त्याहून पुढचे. धर्मभावना दुखावण्याशी संबंधित कलमाचा आकडा हेच त्याचे नाव, आणि खरे बोलणाऱ्यावर हे कलम लागते, असा त्याचा युक्तिवाद. २९ मे २०२२ रोजी मूसेवालाची हत्या झाली. पंजाब आणि हरियाणा उच्च न्यायालयाने २०१९मध्येच दारू, अमली पदार्थ आणि हिंसेचे गुणगान करणारी गाणी वाजू न देण्याचे आदेश पोलिसांना दिले होते. २०२२च्या नोव्हेंबरात पंजाब सरकारने बंदूकसंस्कृतीच्या गाण्यांवर बंदी घातली. बंदुकीची नुसती फुशारकी मारणारी गाणी या प्रांतात ढिगाने आहेत आणि त्यातली बहुतेक टाकाऊ आहेत. ‘२९५’ त्या ढिगातले नाही, कारण त्यात कायद्याशी वाद घातलेला आहे.

मराठीत हा वाद शाहिरीने घातला. वगनाट्यातला हवालदार एके काळी चेष्टेचा धनी होता; ‘विच्छा माझी पुरी करा’मध्ये दादा कोंडके यांनी त्याला अजरामर केले. चैतन्य ताम्हाणे यांच्या ‘कोर्ट’मध्ये (२०१४) ती मोकळीक उरलेली नाही. गाण्यामुळे एका सफाई कामगाराने आत्महत्या केली, असा आरोप ठेवून लोकशाहीर नारायण कांबळे यांना कार्यक्रम चालू असतानाच पकडले जाते. संभाजी भगत यांची गाणी मंचावर तापलेली, भरदार आहेत. सत्र न्यायालयात त्याच गाण्याची सपाट आवाजात पुरावा म्हणून चिकित्सा होते. चित्रपट येण्याच्या आदल्याच वर्षी ‘कबीर कला मंच’चे शाहीर शीतल साठे आणि सचिन माळी विधानभवनाबाहेर पोलिसांच्या स्वाधीन झाले होते, त्यामुळे प्रेक्षकाला ही कल्पना लांबची वाटली नाही. ‘कोर्ट’ला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. तारीख, जामीन, पुन्हा अटक, पुन्हा तारीख या रटाळ चक्रातला माणूस गाण्यात आणायचा असेल, तर हिंदी गीतकाराने ‘सिंघम’च्या ढोलापेक्षा या शाहिरांच्या डफाकडे आणि ‘बंदिनी’तल्या त्या दळणाच्या गाण्याकडे वळावे.